हाड जुळतं, सांधा अडतो : कोकणातल्या अस्थिउपचारांची पार्श्वभूमी

कोकणात हाडं मोडण्याचे हंगाम ठरलेले आहेत. एप्रिल-मेमध्ये आंबा उतरवताना फांदी दगा देते. पाऊस लागला की शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर, पाणंदीत, विहिरीच्या कडेला म्हातारी माणसं घसरतात. माडावरून पडायला तर बारा महिने मोकळे. मासेमारी चालू असली की जाळं ओढायच्या यंत्रात, विंचमध्ये, बोटं सापडतात, आणि महामार्गाचे अपघात ही अलीकडची भर. पडण्याच्या तऱ्हेवरून काय मोडलं असेल याचा अंदाज बांधता येतो. घसरताना हात टेकला तर मनगट, सत्तरीपुढच्या बाईचा खुबा, आणि उंचावरून पायांवर पडलेल्या पाडेल्याची, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याची, टाच. अशा पाडेल्याच्या कंबरेचाही एक्स-रे काढावा लागतो, कारण टाच आणि मणका एकाच आपटण्यात जाऊ शकतात, आणि टाचेच्या कळांपुढे मणक्याचं दुखणं झाकलं जातं.

या सगळ्यांची पहिली पायरी पिढ्यान् पिढ्या एकच होती, हाडवैद्य. चार-पाच गावांत मिळून एखादं घर असायचं. तिथे बोटांनी चाचपून, खेचून हाड सरळ करायचं, झाडपाल्याचा लेप लावायचा, वर बांबूच्या कामट्या आणि कापडाची पट्टी बांधायची. लेपात कांडवेल असायचीच. चौकोनी कांड्यांच्या या वेलीला हाडसांधी म्हणतात. या वैद्यांना सरसकट अडाणी म्हणणं मला पटत नाही. कातडी न फाटता मोडलेलं आणि जागेवरून फारसं न सरकलेलं हाड नीट धरून ठेवलं की आपलं आपण जुळतं. वैद्याचं यश बहुतेक वेळा इथलं होतं आणि ते खरं होतं.

यामागचं शास्त्र जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांवर आहे. कामट्यांसाठी उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबू वापरायला तो सांगतो. पट्टी थंडीत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधायची. सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही, आवळून बांधली तर सूज, कळा आणि पू. तरुणाचं हाड महिन्यात, मध्यमवयीनाचं दोन महिन्यांत आणि म्हाताऱ्याचं तीन महिन्यांत पक्कं होतं, असा हिशेबही तिथे आहे. आजचा डॉक्टर तो ऐकून फारसा हरकत घेणार नाही.

मला या अध्यायात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची सूचना. हाताचं हाड जुळल्यावर रुग्णाच्या मुठीत आधी मातीचा गोळा द्यायचा, मग मिठाचा खडा, आणि हातात बळ आल्यावर दगड. आजच्या फिजिओथेरपीच्या खोलीत मऊ स्पंजचा चेंडू, मग रबराचा, मग वजन देतात, तोच हा क्रम. हाड जुळणं आणि हात चालणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे सांगणाऱ्याला ठाऊक होतं. गावोगावच्या परंपरेत कामट्या टिकल्या, लेप टिकला. मातीचा गोळा मात्र वाटेत कुठेतरी गळाला. त्याची जागा तेल लावून चोळण्यानं घेतली.

या चोळण्यानं फार नुकसान केलं आहे, विशेषतः कोपराचं. कोपराला मार बसल्यावर जोरानं चोळलं किंवा ताण देऊन सांधा वाकवला, तर आजूबाजूच्या स्नायूत नवं हाड तयार होऊ शकतं आणि सांधा कायमचा अडतो. अडला म्हणून आणखी चोळायचं, आणखी चोळलं म्हणून आणखी अडायचा. खोबरेल निर्दोष आहे, दोष जोराचा.

दुसरा धोका आवळलेल्या पट्टीचा. काजूवरून किंवा पेरूवरून पडलेल्या पोराचं कोपराच्या वरचं हाड मोडतं, तासाभरात कोपर टम्म सुजतं. त्यावर कामट्या घट्ट बांधल्या की आतला रक्तपुरवठा तुटतो. बोटं गार आणि फिकट पडतात, मुंग्या येतात, बोट सरळ करायला गेलं की पोर किंचाळतं. सहा-आठ तासांत स्नायू मरायला लागतो, आणि पुढे बोटं आखडून पंजा आकड्यासारखा वळतो. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी 1881 मध्ये याचं वर्णन केलं, तेव्हा कारण म्हणून घट्ट बांधलेल्या पट्ट्यांकडेच बोट दाखवलं होतं. म्हणजे हा रोग फक्त गावच्या वैद्याचा नव्हता. दवाखान्यातल्या प्लास्टरनंही तो होतो, म्हणून तर प्लास्टर घातल्यावर ‘बोटं निळी पडली तर रात्री-अपरात्री पण या’ असं बजावून सांगतात.

प्लास्टर आलं ते लष्करातून. डच सैन्यातले डॉक्टर मथायसेन यांनी 1851 मध्ये कोरड्या जिप्समची पूड चोळलेली पट्टी वापरात आणली. पाण्यात बुडवून गुंडाळली की काही मिनिटांत घट्ट होणारी. 1895 मध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि चाचपून ओळखायचं हाड डोळ्यांना दिसू लागलं. मनगटाच्या ज्या अस्थिभंगाला आज कॉलिसचं नाव आहे, त्याचं वर्णन डब्लिनच्या त्या डॉक्टरनं 1814 मध्ये, एक्स-रेच्या कितीतरी आधी, निव्वळ हातांनी तपासून केलं होतं. हाताची ती समज यंत्रं आल्यावर थोडी बोथटच झाली असावी.

इंग्लंडमधली आधुनिक अस्थिचिकित्साही हाडवैद्यांच्या घरातूनच आली. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातले. त्या घराण्याचा मूळपुरुष अठराव्या शतकात जहाज फुटून अँग्लसी बेटाच्या किनाऱ्याला लागलेला पोर होता, असं सांगतात. थॉमसनी मांडीच्या हाडासाठी लोखंडी कड्याची साधी चौकट केली. ती हयातीत उपेक्षित राहिली. पहिल्या महायुद्धात त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी ती आघाडीवर वापरायला लावली आणि मांडी मोडलेल्या सैनिकांचे मृत्यू झपाट्यानं कमी झाले. पाय ताणून स्थिर ठेवून माणूस हलवायचा, एवढंच त्या चौकटीचं काम.

कोकणात नेमकं हे हलवणंच अवघड होतं. वाडीपासून बंदरापर्यंत डोली किंवा दोन बांबूंना बांधलेली घोंगडी. बंदरावर आगबोट धक्क्याला लागतेच असं नाही. अनेक ठिकाणी ती खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं वर चढवायची. मांडी मोडलेल्या माणसाला पडावातून बोटीवर उचलायचं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. शिवाय पावसाळ्यात आगबोटी बंद. जूनमध्ये पाय मोडलेल्यानं मुंबईचा विचार करायचा तो गणपतीच्या सुमारास, तोवर हाड वाकडं का होईना जुळलेलं असायचं. वैद्याकडे जाण्यामागे श्रद्धेइतकाच हा वाटेचा हिशेब होता. त्यात भीती मिसळलेली. ‘थंय नेलास तर पाय कापतले’ हे वाक्य मालवणी मुलखात अनेक घरांनी ऐकलं आहे, आणि चिघळलेल्या जखमेसाठी पाय कापणं हाच उपाय होता त्या काळात ते अगदी खोटंही नव्हतं.

वाट काढली ती गिरण्यांनी. परळ-लालबागच्या गिरण्यांत कोकणातला माणूस भरलेला, आणि त्याच परळमध्ये 1926 मध्ये केईएम रुग्णालय सुरू झालं. गावच्या रुग्णाला उतरायला गाववाल्याची खोली होती, डबा पोचवायला वहिनी होती. कोकणचं हाडांचं इस्पितळ खऱ्या अर्थानं परळला होतं, असं म्हटलं तर चूक नाही. अगदी दक्षिणेकडची माणसं दुसरी दिशा धरत. पणजीची वैद्यकीय शाळा पोर्तुगीजांच्या काळात 1842 मध्ये निघाली, आणि तिचाच वारसा सांगणाऱ्या बांबोळीच्या इस्पितळात सावंतवाडी-दोडामार्गचे रुग्ण आजही जातात.

मांडी मोडली तर इस्पितळातही वजन लावून दहा-बारा आठवडे पडून राहावं लागे. गिरणीतल्या बदली कामगाराला ते परवडणारं नव्हतं. 1939 मध्ये जर्मनीत कील इथे क्युंट्शर यांनी मांडीच्या हाडाच्या पोकळीतून लांब सळई घातली. रुग्ण काही दिवसांत उभा राहू शकला. आपल्याकडे जिला लोक सरसकट ‘रॉड टाकला’ म्हणतात, त्या शस्त्रक्रियेचं मूळ तिथे. 1958 मध्ये स्वित्झर्लंडच्या काही शल्यचिकित्सकांनी एकत्र येऊन प्लेट आणि स्क्रूचं तंत्र शिस्तीत बसवलं. त्यांचं म्हणणं असं होतं, की हाड पक्कं बसवायचं ते सांधा लगेच हलवता यावा म्हणूनच. प्लास्टरमध्ये महिनोन्‌ महिने ठेवल्यानं सुकलेले स्नायू आणि अडलेले सांधे याला ते स्वतंत्र आजारच मानत.

या म्हणण्याचा पहिला अर्धा भाग कोकणात पोचला, दुसरा फारसा पोचला नाही. आज चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडीत प्लेट आणि रॉड बसतात, डेरवणला मोठं रुग्णालय आहे, 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आहे, सरकारी विमा योजनेत बऱ्याच शस्त्रक्रिया बसतात. पुढचे तीन महिने मात्र माणूस घरी असतो. मुंबईत फिजिओथेरपीचं शिक्षण पन्नाशीच्या दशकात, पोलिओच्या साथींच्या रेट्यानं उभं राहिलं. हाजीअलीला त्याच काळात पुनर्वसनाच्या संस्था उभ्या राहिल्या. ते तालुक्यापर्यंत यायला फार वेळ लागला. आठवड्यातून तीनदा एसटीनं जायचं म्हणजे तीन दिवसांचा रोज बुडतो, शिवाय सोबतीला आलेल्याचाही. मग ‘हाड जुळलं’ एवढं एक्स-रेवर दिसलं की उपचार संपले, असं धरलं जातं. मनगटाच्या प्लास्टरमध्ये असताना बोटं, कोपर आणि खांदा रोज हलवायचे असतात हे कोणी दोन मिनिटं करून दाखवलं तर अर्धं काम होतं. न दाखवल्यामुळे मनगट बरं झालेल्या बाईचा खांदा आखडतो, आणि तिला मापट्यातले तांदूळ वरच्या फळीवर ठेवता येत नाहीत.

खुब्याची गोष्ट सगळ्यात कठीण. पूर्वी खुबा मोडलेली म्हातारी माजघरात पडून राहायची, पाठीला जखमा व्हायच्या, छातीत कफ भरायचा आणि काही महिन्यांत संपायचं. आता खुब्यात बॉल बसवतात किंवा स्क्रू घालतात. शस्त्रक्रिया शक्यतो 48 तासांच्या आत करावी आणि दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करावं, हे जगभर मान्य आहे. घरातली व्यवस्था त्याला जुळवावी लागते. उंच उंबरा, जमिनीवरचं जेवण, परसातला संडास, ओली न्हाणी. उकिडवं बसू नका म्हटल्यावर कमोडची खुर्ची मुंबईहून कोण आणणार, इथपासून सुरुवात. आणि त्याआधी संमतीच्या कागदावर सही कोणी करायची? घरी एकटी सून असते, ती म्हणते मुलगा आल्याशिवाय नको. मुलगा रात्रीच्या गाडीला बसतो, सकाळी पोचतो, मग मुंबईला हलवायचं की इथेच करायचं यावर भावाभावांचे फोन होतात. 48 तासांतले निम्मे तिथेच जातात.