व्हिडिओ चालून नाही राहिला

नागपूरच्या बर्डीवर संगणक दुरुस्तीची जी छोटी दुकानं आहेत, तिथे दर लग्नसराईत एक संवाद ठरलेला असतो. "भाऊ, हा व्हिडिओ चालून नाही राहिला." "आवाज येते का?" "आवाज येते, पण चित्र काळं दिसते." पुढचं काही न विचारता दुकानदार आपला पेनड्राइव्ह लावतो, डेस्कटॉपवर व्हीएलसी या प्लेअरचा नारिंगी-पांढरा शंकू येतो आणि हळदीचा व्हिडिओ सुरू होतो. बहुतेक वेळा तो याचे पैसेही घेत नाही. लॅपटॉपसोबत आलेला प्लेअर हरतो कुठे आणि हा शंकू नागपुरात पोचला कसा, हे समजायला तीसेक वर्षं मागे जावं लागतं.

व्हीसीडीच्या काळात ही कटकट नव्हती. १९९३ साली ठरलेलं ते एकच एक माप होतं: एमपेग-१ पद्धतीचं चित्र, ३५२ बाय २८८ ठिपके, एका चकतीवर ७४ मिनिटं. म्हणूनच सिनेमा दोन सीड्यांवर यायचा आणि मध्यंतराच्या आसपास कोणाला तरी उठावं लागायचं. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटी असत, त्यांच्या जोडीला सीड्या येऊन बसल्या त्या साधारण याच लाटेत. संगणकात सीडी घातली की आतल्या फोल्डरमध्ये डॅट नावाची फाईल सापडे. ती कुठल्याही प्लेअरवर ओढून टाकली की चाले. चित्र धुरकट असे, पण लागत असे.

गडबड झाली ती एव्हीआयमुळे. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलेला हा प्रकार म्हणजे नुसता डबा आहे. आत सावजी रस्सा आहे की साबुदाण्याची खिचडी, हे झाकणावरून कळत नाही. आतला माल ज्या पद्धतीने दाबून भरला ती पद्धत म्हणजे कोडेक, आणि तो तुमच्या संगणकात नसेल तर डबा हातात असूनही उपाशी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जेरोम रोता या फ्रेंच तरुणाने मायक्रोसॉफ्टच्याच एका कोडेकची मोडतोड करून डिव्हएक्स बाहेर काढला आणि अख्खा सिनेमा ७०० एमबीच्या एका सीडीत मावायला लागला. पुढे डिव्हएक्सची कंपनी झाली, तेव्हा तिच्यापासून फुटलेल्यांनी तेच नाव उलटं लिहून एक्सव्हिड हा मुक्त कोडेक काढला. मग प्रत्येक फाईलला तिचा कोडेक शोधणं आलं, आणि कोडेक पॅक नावाच्या पोतड्या आल्या. दोन पोतड्या एकाच संगणकात ओतल्या की आतले कोडेक आपसांत भांडत आणि कालपर्यंत चालणारी फाईलही बंद पडे. माझ्या पहिल्या संगणकाचं विंडोज मी याच पायी दोनदा नव्याने टाकलंय.

तोवर प्लेअर बनवणाऱ्या कंपन्यांना वेगळीच स्वप्नं पडू लागली होती. १९९५ साली आलेल्या रिअल ऑडिओने फोनच्या लाईनीवरून गाणं ऐकवून दाखवलं, हे काम खरोखर मोठं होतं. आपल्याकडच्या गाण्यांची अनेक संकेतस्थळं बरीच वर्षं त्यावरच चालली. पण पुढे त्याच कंपनीचा रिअलप्लेअर घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात ठाण मांडून बसू लागला, मध्येच निरोप दाखवू लागला, फुकटची आवृत्ती शोधायला वेगळी तपश्चर्या करायला लावू लागला. १९९९ मध्ये त्याचाच भाऊ रिअलज्यूकबॉक्स लोक काय ऐकतात याची माहिती कंपनीकडे पाठवताना पकडला गेला. २००६ साली पीसी वर्ल्ड मासिकाने आजवरच्या सर्वांत वाईट उत्पादनांची यादी केली, तिच्यात रिअलप्लेअर दुसरा होता.

विंडोज मीडिया प्लेअरची गोष्ट याहून सौम्य, पण त्याच दिशेची. ६.४ ही त्याची आवृत्ती म्हणजे एक राखाडी खिडकी आणि चार बटणं. २००० साली सातवी आवृत्ती आली ती सजूनधजून, लायब्ररी आणि खिडकीचं रूप पालटणाऱ्या रंगीत कातड्यांसह. गंमत अशी की विंडोज एक्सपीतही ६.४ गुपचूप पडून होती, स्टार्ट मेनूतल्या रनमध्ये 'एमप्लेअर२' टाइप केलं की उघडायची. हे ज्याला माहीत असे त्याला मित्रांत मान असे. तिची आठवण इतकी टिकली की २००३ साली गॅबेस्ट या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरने हुबेहूब तसा दिसणारा मीडिया प्लेअर क्लासिक लिहिला. २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला. विंडोजसोबत प्लेअर बांधून देणं हा त्यातला एक आरोप होता. मग प्लेअर नसलेलं विंडोजही निघालं, ते फारसं कोणी घेतलं नाही. कोण घेणार?

विनॅम्पला मात्र मी या रांगेत बसवणार नाही. १९९७ साली जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्डीरेव्ह यांनी लिहिलेला तो प्लेअर हलका, गुणी आणि फक्त गाण्यांचा होता. १९९९ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने त्याची कंपनी विकत घेतली. त्यानंतरचा जडशीळ विनॅम्प ३ लोकांना इतका खटकला की पुढच्या आवृत्तीला थेट पाच नंबर दिला गेला, म्हणजे जुना दोन अधिक नवा तीन.

शंकूचा उगम या सगळ्यापासून लांब आहे. पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहाचं नेटवर्क विद्यार्थीच सांभाळत. ते संथ होतं, नवं हवं होतं. एवढा वेग कशाला लागतो हे दाखवायला १९९६ मध्ये त्यांनी उपग्रहावरचा टीव्ही नेटवर्कवरून खोल्याखोल्यांत पोचवण्याचा घाट घातला. पाठवणारा एक प्रोग्रॅम, घेणारा दुसरा. घेणाऱ्याचं नाव व्हिडिओलॅन क्लायंट, म्हणजेच व्हीएलसी. शंकू आला तो पोरांनी रस्त्यावरून गोळा करून आणलेल्या शंकूंवरून. १ फेब्रुवारी २००१ रोजी तो मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुला झाला.

त्याच्या या जन्मातच नागपूरचा फायदा दडलेला होता. नेटवर्कवर तुकडे हरवतातच, म्हणून फाटक्यातुटक्या प्रवाहातूनही चित्र काढायची सवय त्याला पहिल्यापासून लागली. आत काय कुठे आहे हे सांगणारी एव्हीआयची सूची फाईलच्या शेवटी असते. डाउनलोड चालू असताना लोडशेडिंग झालं की शेपूट राहून जाई आणि इतर प्लेअर हात वर करत. व्हीएलसी ती सूची स्वतः बांधू का, असं विचारायचा. शिवाय कोडेक तो स्वतःच्या पोटात घेऊनच येतो, विंडोजकडे मागत नाही. त्यातले बरेचसे फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेल्या एफएफएमपेग या प्रकल्पातले आहेत. आणि मे महिन्यात कूलरच्या घरघरीत संवाद ऐकू येईनात, तेव्हा आवाजाची पट्टी शंभर टक्क्यांच्या पुढे ओढता येते, ही सोय ज्याने केली त्याला आमच्या घरातून रोज दुवा मिळतो.

आजच्या काळ्या चित्राचं कारण बहुधा एचईव्हीसी हा कोडेक. २०१३ मध्ये ठरलेली ही पद्धत कमी जागेत चांगलं चित्र देते, आणि बरेच नवे फोन त्यातच चित्रण करतात. पण तिच्या पेटंटचे मालक एका जागी नाहीत. वसुलीचे एकाहून जास्त गट झाले. सोबत येणाऱ्या प्लेअरच्या कंपनीला ते पैसे भरावे लागतात, म्हणून ती हा भाग वगळते किंवा वेगळा विकते. व्हीएलसीवाल्यांचं म्हणणं असं की फ्रान्सच्या कायद्यात सॉफ्टवेअरला पेटंटच लागू होत नाही. फोनवर लोकप्रिय असलेल्या एमएक्स प्लेअरनेही परवान्यापायीच डॉल्बीच्या एसी३ या आवाजाच्या कोडेकची सोय काढून टाकली होती, आणि तेव्हा सिनेमे अचानक मुके झाले होते. २०१८ मध्ये तो टाइम्स इंटरनेटकडे गेला, त्यात मालिका आणि जाहिराती शिरल्या, २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतला. साधा प्लेअर हवा असलेल्याला त्यात आता आपली फाईल शोधावी लागते. संगणकावर मीडिया प्लेअर क्लासिकची एमपीसी-एचसी ही शाखा २०१७ मध्ये माणसांअभावी थांबली, ती आता दुसऱ्या हातांनी चालू आहे. जुन्या संगणकाला मी तीच सुचवतो. कीबोर्डवर जीव असेल तर एमपीव्ही हा प्लेअर.

फेब्रुवारी २०२२ पासून भारतात व्हीएलसीचं संकेतस्थळच उघडेनासं झालं. जाहीर कारण कोणी दिलं नव्हतं. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या मदतीने सरकारला कायदेशीर नोटीस गेली आणि नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा खुलं झालं. माझ्या ओळखीच्या दुकानदाराला या नऊ महिन्यांत काही झालं होतं याचा पत्ताच नव्हता, कारण त्याची सेटअप फाईल कित्येक वर्षं एकाच पेनड्राइव्हवरून फिरते आहे. ती व्हीएलसीच्या दुसऱ्या आवृत्तीची आहे. देवनागरी अक्षरं नीट जुळवणारी तिसरी आवृत्ती २०१८ मध्येच आली, हे मी त्याला सांगून पाहिलं. "चालते ना भाऊ," तो म्हणाला. त्याच्याकडून घरी आणलेल्या लॅपटॉपवर मराठी सबटायटलमधली ऱ्हस्व वेलांटी अजूनही अक्षराच्या मागे जाऊन उभी राहते.