टेकच्या मॅक्रो फाइलींचा शोधमार्ग: पार्श्वभूमी

इंदूरमध्ये देवी अहिल्या विश्वविद्यालयापासून राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रापर्यंत गणित आणि भौतिकीत काम करणारी मराठी मंडळी आहेत, आणि त्यांच्यापैकी लाटेकमध्ये (टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामवर उभ्या असलेल्या लेखनव्यवस्थेत) लेखन करणाऱ्यांना केव्हा ना केव्हा एक कोडे पडते: एखाद्या नियतकालिकाची सुधारित मॅक्रो फाइल (मूळ आज्ञा जोडून केलेल्या तयार आज्ञांची, म्हणजे मॅक्रोंची फाइल) संगणकावर उतरवून घेतली, तरी पानावर मांडणी जुनीच उमटते. याचे मूळ फाइलीत क्वचितच असते. ते फाइल शोधण्याच्या पद्धतीत असते.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी 1978 मध्ये टेक तयार केले, तेव्हा त्याचा गाभा मुद्दाम लहान ठेवला. मूळ आज्ञा सुमारे 300, बाकी सारे मॅक्रोंवर. त्या मॅक्रोंच्या फाइली कोठे ठेवायच्या, हे मात्र ज्या-त्या संगणकप्रणालीवर सोपवले गेले. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेकमुळे फाइलींची संख्या झपाट्याने वाढली आणि प्रत्येक संस्थेने आपापल्या सोयीने फोल्डर मांडले, त्यामुळे एका ठिकाणची मांडणी दुसरीकडे चालेनाशी झाली.

हा पसारा आवरण्यासाठी 1994 मध्ये टेक वापरकर्त्यांच्या संघटनेने एक कार्यगट नेमला आणि त्यातून 'टेक्सएमएफ' या नावाच्या फोल्डर-वृक्षाची सर्वमान्य रचना पुढे आली. तिचा माझ्या मते सर्वांत शहाणा भाग असा की वितरणासोबत (म्हणजे टेकच्या तयार संचासोबत) आलेल्या फाइलींचा वृक्ष वेगळा, संस्थेचा वेगळा आणि वापरकर्त्याचा स्वतःचा वेगळा. कारण स्वतःची फाइल वितरणाच्या वृक्षात घुसडली, तर पुढच्या अद्ययावतीकरणात ती पुसली जाण्याची भीती असते. शोधाचे काम कार्ल बेरी यांच्या 'केपॅथसी' या संगणक-संहितेने उचलले. दर वेळी हजारो फोल्डर धुंडाळणे त्या काळच्या डिस्कना झेपणारे नव्हते, म्हणून फाइलींच्या नावांची सूची आधीच करून ठेवण्याची युक्ती निघाली. टेक लाइव्ह या टेकच्या वितरणात संस्थेच्या वृक्षात नवी फाइल ठेवल्यावर ही सूची ताजी करणारा 'मेकटेक्सएलएसआर' हा आदेश द्यावा लागतो तो यामुळेच. वापरकर्त्याच्या घर-फोल्डरातील (होम) 'टेक्सएमएफ' मात्र थेट तपासला जातो, तेथे सूची ताजी करण्याचे कारण नाही.

2008 पासून टेक लाइव्हला 'टीएलएमजीआर' हा व्यवस्थापक मिळाला आणि इंटरनेटवरून अद्ययावत फाइली आपोआप योग्य जागी बसू लागल्या. कोडे मात्र उलट बाजूने परतले. शोधाचा क्रम चालू फोल्डर, मग वापरकर्त्याचा वृक्ष, मग संस्थेचा आणि शेवटी वितरणाचा असा असल्याने, एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याने कधीकाळी घर-फोल्डरात ठेवलेली जुनी प्रत व्यवस्थापकाने आणलेल्या नव्या प्रतीवर बिनबोभाट मात करते. अशा वेळी फाइल पुन्हा उतरवण्याआधी 'केपीएसई-विच' या आदेशाला तिचे नाव देऊन पाहावे. नेमकी कोणत्या फोल्डरातील प्रत वापरली जात आहे, ते तो पूर्ण मार्गासह सांगतो.