दमलात, की जुळतच नाही?

"पगार उत्तम आहे, पण कामात जीव लागत नाही. सोडू का?" हा प्रश्न कुणी विचारला की भोवतालचे लोक दोनच उत्तरं देतात. एक, "सुट्टी घे, बरं वाटेल." दुसरं, "आयुष्य एकदाच मिळतं, दे राजीनामा." दोन्ही ऐकून मला खरंच राग येतो, कारण काय झालंय हे तपासायच्या आधीच औषध दिलेलं असतं. कामाचा वीट दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतो. माणूस दमलेला असतो, किंवा काम आणि माणूस मुळात जुळतच नसतात. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

दमणं कुणाला समजावून सांगायला नको. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसतज्ज्ञाने १९७४ साली त्यावर लिहिलं, आणि आता 'बर्नआउट' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली ती अशी: कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ साचलेल्या आणि आटोक्यात न आणलेल्या ताणातून येणारी अवस्था. हा आजार नव्हे, असंही तिथे स्पष्ट म्हटलं आहे.

न जुळणं मात्र दिसत नाही. तिथे जागरणं नसतात, साहेब सज्जन असतो, सहाला घरी जाता येतं. म्हणून तक्रार करायलाही लाज वाटते: एवढा पगार घेऊन वर रडायचं? फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसतज्ज्ञाने १९५९ मध्ये सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून एक गोष्ट मांडली, ती मला आजही पटते. पगार, साहेब, कार्यालयातली व्यवस्था या गोष्टी वाईट असल्या तर माणूस नाराज होतो. पण त्या चांगल्या आहेत म्हणून तो समाधानी होतोच असं नाही. समाधान येतं ते कामातूनच. तेव्हा "पगार चांगला आहे ना, मग काय हवंय?" हा प्रश्न कृपा करून कुणाला विचारू नका. ज्याच्यावर पगाराचं औषध चालत नाही, त्याला आणखी पगार दाखवून काय होणार?

आता खरी गफलत. लोकांना वाटतं, दमलेला माणूस नुसता थकलेला दिसेल आणि न जुळलेल्याला वीट आलेला असेल. तसं नसतं. ख्रिस्तिना मास्लाक या मानसतज्ज्ञ बाईने दमण्याची तीन अंगं सांगितली आहेत. पहिलं, शक्ती संपणं. तिसरं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. मधलं अंग फसवतं: कामापासून मनाने तुटणं. दमलेल्या माणसालाही काम निरर्थक वाटतं, सहकारी नकोसे होतात, "या सगळ्याला काय अर्थ आहे" हे वाक्य त्याच्याही तोंडी येतं. म्हणजे वीट दोन्हीकडे असतो, आणि नुसत्या विटावरून काहीच ठरत नाही.

मी स्वतः इथेच चुकले. आकडेवारीचं काम करत होते. दोन वर्षं रात्री नऊशिवाय निघणं नाही, आणि एका अहवालावर सात जणांच्या मंजुऱ्या. मला आकड्यांचाच तिटकारा आला, म्हणजे मला तसं वाटलं. मी पार वेगळ्या क्षेत्रात उडी मारली. तिथे रुळल्यावर चार महिन्यांनी एका संध्याकाळी कुणाच्या तरी खात्यातली बेरीज जुळत नव्हती. मी सहज बघायला बसले. एका ओळीत दोन अंक उलटसुलट पडले होते. तो ओळीचा क्रमांक बोटाखाली धरून मान वर केली तेव्हा अडीच तास गेले होते आणि चहा पार गार झाला होता. मला आकड्यांचा वीट आलेलाच नव्हता. मी दमले होते. सात मंजुऱ्या नसलेल्या जागी तेच काम शोधलं असतं तर माझी तीन वर्षं वाचली असती.

म्हणून माझी कसोटी अशी: विश्रांतीनंतर परत काय येतं ते बघा. दमलेल्या माणसाला पुरेशी उसंत मिळाली की आधी कुतूहल जागं होतं. आंघोळ करताना एखादा अडलेला मुद्दा आपोआप सुटतो, कुणाला तरी फोन करून विचारावंसं वाटतं. न जुळलेल्या माणसाची शक्ती परत येते, पण ती कामाकडे वळतच नाही. तो बाग करेल, भाचीला गणित शिकवेल, घर रंगवेल, आणि कामाचा विचार मनात येईल तो फक्त रजेचे किती दिवस उरले हे मोजताना. ताजंतवानं होऊन परतल्यावर पोकळी उलट जास्त जाणवते, कारण आता थकव्यावर बोट ठेवता येत नाही.

पण विश्रांती म्हणजे जोडून आलेली चार दिवसांची सुट्टी नव्हे. मीना वेस्टमन आणि डोव्ह ईडन या संशोधकांनी १९९७ मध्ये एका कार्यालयातल्या कारकुनांचा अभ्यास केला होता. सुट्टीत त्यांचं दमणं कमी झालं, आणि कामावर परतल्यावर तीन आठवड्यांत पुन्हा होतं तिथे आलं. भार तोच राहिला तर दुसरं काय होणार? त्यामुळे "सुट्टी घेऊनही काही फरक पडला नाही, म्हणजे हे काम माझं नाही" हा निष्कर्षही चुकीचा.

सुट्टी मिळत नसेल तर एक प्रश्न चालतो: उद्यापासून हेच काम निम्मं झालं, तर उरलेलं निम्मं मी मन लावून करेन का? "पगार निम्मा झाला तर करशील का?" हा नेहमीचा प्रश्न मला अजिबात आवडत नाही. त्याने घरखर्चाची परीक्षा होते, कामाची नाही.

साहेब वाईट असणं ही वेगळीच गोष्ट, विभाग बदलून बघा. आणि कामाबाहेरचंही काहीच गोड लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर प्रश्न नोकरीचा समजू नका. आधी डॉक्टरांना भेटा.

दमलेल्याने क्षेत्र सोडू नये. भार कमी करून मागावा, नाही मिळाला तर तेच काम दुसरीकडे करावं. न जुळलेल्याने बढती स्वीकारताना शंभरदा विचार करावा, कारण वरच्या पायरीवर तेच काम जास्त मिळतं आणि खर्चही पगाराबरोबर चढतो. त्याच्यासाठी चांगला पगार म्हणजे दुसरं काम शोधायला विकत घेतलेले महिने. खर्च आजच आवरला तर ते वाढतात.

माझ्या एका मैत्रिणीला दोन्हीपैकी काय झालंय ते कळत नव्हतं. मी तिला सांगितलं, रोज रात्री वहीत एकच ओळ लिही: आज घड्याळाकडे लक्ष गेलं नाही असं कधी झालं? सहा आठवड्यांनी आम्ही ती वही उघडून बसलो. तिचं काम हलकं होतं, झोप पुरेशी होती, आणि वहीतली एकूण एक नोंद संध्याकाळी सहानंतरची होती. ती बराच वेळ पानं उलटत राहिली, मग तिने मागच्या कोऱ्या पानावर महिन्याच्या खर्चाची यादी करायला घेतली.