पार्श्वभूमी : कोकणातल्या भिंतींवरचे टेलिफोनचे जुने ‘पॉइंट’

गणपतीच्या आधी घराला रंग काढायला घेतला, की रंगारी भिंतीवरच्या पिवळट डबीकडे बोट दाखवून विचारतो, ही काढायची की वरूनच ब्रश फिरवायचा? आजवर बहुतेक घरांत ब्रशच फिरला आहे. त्यामुळे ओटीवरच्या खिडकीशेजारी मूळची रोझेट, म्हणजे बाहेरची तार दोन स्क्रूंना जोडायची डबी, तिच्याखाली पुढे बसवलेले फोनची पिन खोचायचे आरजे-११चे सॉकेट, त्याला लोंबणारा स्प्लिटर आणि आताची फायबरची डबी असे सगळे सामान वीतभर जागेत दाटले आहे.

देशी बनावटीची लहान ग्रामीण एक्स्चेंज १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून खेड्यांत बसू लागली, तेव्हा कोकणातली घरे आधीच बांधून झालेली होती. चिऱ्याच्या भिंतीत तारेसाठी नळी ठेवण्याचा प्रश्नच आला नव्हता. खांबावरून आलेली तार पागोळीखालून खिडकीच्या चौकटीला पाडलेल्या भोकातून आत येई आणि सगळ्यांत जवळच्या भिंतीत लाकडी गट्टी ठोकून लाइनमन तिच्यावर रोझेट बसवी. फोन कुठे असावा हे घरातल्या माणसांपेक्षा तारेनेच अधिक ठरवले, आणि या डब्या आज नको तिथे दिसतात त्याचे मूळ यातच आहे.

डबीचे रूप बिघडवले ते खाऱ्या हवेने. एक्स्चेंजमधून येणारा दाब उणे ४८ व्होल्ट असतो. जमिनीकडे होणाऱ्या गळतीने तांब्याची झीज होऊ नये, म्हणूनच धन टोक जमिनीला जोडण्याची पद्धत पडली. परंतु रोझेटमधल्या दोन स्क्रूंमध्ये पावसाळी ओल आणि मीठ साठले, की त्या दोघांतच प्रवाह झिरपू लागतो आणि धन बाजूचा स्क्रू आधी खाल्ला जातो. झाकण उघडल्यावर एक स्क्रू बरा आणि दुसरा हिरव्या भुकटीने भरलेला दिसतो, त्याचे कारण हे. वर कुंभारमाशीने मातीचे घर केले असले, तर विचारायलाच नको.

खरा गुंता मात्र ‘पॉइंट’ या शब्दाने केला. जानेवारी २००५मध्ये सरकारी कंपनीने फोनच्या याच जुन्या तांब्याच्या दोन तारांच्या जोडीवरून ब्रॉडबँड द्यायला सुरुवात केली. नवी तार न ओढता इंटरनेट मिळाले हे खरे, पण घरातल्या तारांची तपासणी फारशी कोणी केली नाही, आणि ही उणीव लहान नव्हती असे प्रस्तुत लेखकाला वाटते. बोलण्याचा आवाज सुमारे ४ किलोहर्ट्झच्या आत बसतो, तर ब्रॉडबँडचे संकेत साधारण २५ किलोहर्ट्झच्या वर सुरू होतात. या दोघांना वेगळे करणारा स्प्लिटर लाइन घरात शिरते तिथेच, सर्व फाट्यांच्या आधी हवा. माजघरात ‘पॅरलल’ घेतलेला दुसरा फोन स्प्लिटरच्या आधीच्या तारेला जोडलेला असेल, तर फोनवर खरखर येते आणि मॉडेम वारंवार लाइन सोडतो. पण घरच्यांच्या लेखी रोझेट, सॉकेट, स्प्लिटर, पॅरललची जोडणी हे सगळे ‘पॉइंट’च. “पॉइंट बदला” एवढेच सांगितल्यावर येणारा माणूस हाताला लागेल ती डबी बदलून जाई आणि जुनी तिथेच राही. भिंतीवर डब्या वाढत गेल्या त्या अशा.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुडच्या पट्ट्यात धडकले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. खांब पडले, तारा तुटल्या आणि अनेक घरांत तांब्याऐवजी फायबर आली. तेव्हापासून जुनी जोडी काढावी की राखावी, यावर घरोघरी मतभेद आहेत. फायबरच्या काचेतून फोनला वीज मिळत नाही, तर तांब्यावरचा फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालतो आणि गावची वीज दोन दिवस गेली तरी लागतो, हा राखणाऱ्यांचा मुद्दा वजनदार आहे. मात्र तो जोडणी खरोखर चालू असेल तरच. बंद जोडीला जपणे म्हणजे वळवाच्या विजेला घरात शिरायची वाट उघडी ठेवणे होय. तरीही ‘मेलेला पॉइंट’ म्हणून थेट हात घालू नये. घंटी वाजताना तारेवर सुमारे ७५ व्होल्टचा दाब असतो आणि एक्स्चेंजकडून तोडलेली नसलेली जोडी बाहेरून ओळखू येत नाही.

अलीकडे सर्व डब्या काढून एकच कोरी प्लेट बसवण्याची रीत पडते आहे. जांभ्यातली गट्टी उपसली की सोबत मूठभर चिराही येतो, म्हणून गट्टी तशीच ठेवून तिच्यावर प्लेट घेणे सोयीचे ठरते. ती जागा २३० व्होल्टच्या स्विचबोर्डात मिसळू नये, आणि फायबरची तार प्लेटमागे घडी घालून कोंबू नये, कारण तीव्र वळणावर प्रकाश बाहेर सांडतो आणि वेग पडतो. अनेक घरांत नवी फायबर चौकटीतल्या त्याच जुन्या भोकातून आत घेतलेली आहे. मृत तांबे बाहेरून हिसका देऊन ओढले, की शेजारची जिवंत काच तुटते आणि ऐन चतुर्थीच्या तोंडावर पुन्हा तक्रार नोंदवावी लागते.