खर्च कमी म्हणजे आजार कमी?

अमेरिकेतल्या अनेक मोठ्या रुग्णालयांत गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी एक जादा सोय असते. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार असं सगळं एकदम मागे लागलेल्या माणसाकडे प्रशिक्षित परिचारिका लक्ष ठेवतात आणि त्याच्यासाठी डॉक्टरांच्या जास्तीच्या वेळा राखून ठेवतात. जागा मोजक्या असल्यामुळे निवड करायला संगणकाची मदत घेतात. तो प्रत्येक रुग्णाला जोखमीचे गुण देतो.

डॉक्टर असलेले झियाद ओबरमायर, अर्थशास्त्रज्ञ सेंधिल मुल्लईनाथन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी अशाच एका प्रणालीची तपासणी केली. एका मोठ्या रुग्णालयातले सुमारे ६,००० कृष्णवर्णीय आणि ४३,५०० गोरे रुग्ण त्यांनी अभ्यासले आणि ऑक्टोबर २०१९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. गुणांनुसार वरच्या ३ टक्क्यांत आलेल्या रुग्णाचं नाव या सोयीसाठी आपोआप निवडलं जाई. नेमक्या त्या उंबरठ्यावर, गुण सारखेच असताना, कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा २६ टक्के जास्त दीर्घकालीन आजार होते. म्हणजे या यादीत यायला त्यांना अधिक आजारी पडावं लागत होतं.

संगणकाला रुग्णाचा वंश सांगितलेलाच नव्हता. मग हे घडलं कसं?

त्याला शिकवलं होतं ते पुढच्या वर्षी या रुग्णावर किती खर्च होईल याचा अंदाज बांधायला. जास्त आजारी माणसावर जास्त खर्च होतो, तेव्हा हे माप वरवर बिनचूक वाटतं. पण आजारांची संख्या सारखी असली तरी कृष्णवर्णीय रुग्णावर वर्षाला सुमारे १,८०० डॉलर कमी खर्च होत होता. दवाखाना लांब, रजा मिळत नाही, पैसे नाहीत, ही कारणं आपल्याला सांगायला नकोत. त्यात अविश्वासाची भर. अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्यसेवेने सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांवर नुसती पाहणी चालवली. पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय हाती आल्यावरही ते त्यांना दिलं नाही. ज्या समाजाच्या स्मरणात हे आहे, तो दवाखान्याची पायरी सहज चढत नाही.

मला यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी बाब अशी की प्रणाली खर्चाचा अंदाज दोन्ही गटांसाठी नीट बांधत होती. नुसती अचूकता तपासणाऱ्याने तिला उत्तीर्णच केलं असतं. चूक गणितात नव्हती. काय मोजायचं हे ठरवण्यात होती. ती दिसायला रक्तदाबाच्या नि साखरेच्या नोंदी वाचणारा डॉक्टर आणि पैशाची वाट ओळखणारा अर्थशास्त्रज्ञ एकत्र बसावे लागले. पुढे प्रणाली बनवणाऱ्या कंपनीबरोबर काम करून त्यांनी खर्चाच्या जोडीला प्रकृतीचं मापही घातलं, तेव्हा भेदभाव ८४ टक्क्यांनी घटला. तो पूर्ण गेला असता, तर आपोआप निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं.

हे वाचताना मला गडचिरोली आठवते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, आणि त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. केवळ दवाखान्यातल्या नोंदींवर शिकलेल्या संगणकाने या गावांना काय गुण दिले असते?

आता आपल्याकडेही आरोग्याच्या नोंदी संगणकावर जमा होत आहेत. त्यांवरून उद्या कोणाला आधी मदत द्यायची हे ठरणार असेल, तर ‘गरज’ कशाने मोजायची याची चर्चा अभियंत्यांबरोबर घरोघर फिरणाऱ्या आशाताईंनाही घेऊन व्हायला हवी. दवाखान्यापर्यंत कोण पोहोचलंच नाही, हे त्यांना ठाऊक असतं.