सीमाभागातला गोष्ट सांगणारा कुठून आला?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जन्मभर गोष्टी लिहिणारी आणि तितक्याच हौसेने त्या सांगणारी माणसं गावोगाव भेटतात. ही हौस पुस्तकाआधी देवळाच्या मंडपात लागलेली आहे.

कीर्तनकार पूर्वरंगात अभंगाचं निरूपण करतो. मध्ये नामगजर होतो, बुक्का लागतो, मग उत्तररंगात आख्यान रंगतं. गोष्ट कुठे थांबवायची आणि साकी-दिंडीसारखी गायची पदं कुठे घालायची, हे इथल्या पिढ्या मांडी घालून ऐकता ऐकता शिकल्या. शेजारच्या गावात ‘श्रीकृष्ण पारिजात’ या कन्नड लोकनाट्याचा खेळ असला, तर तोही पाहिला जायचा.

१८४२ मध्ये कर्नाटकातून सांगलीला आलेल्या भागवत या नाटकमंडळींचे खेळ झाले आणि पुढच्याच वर्षी विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हे मराठी नाटक उभं केलं. १८४३ सालीच अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला, तो गुर्लहोसूरला, म्हणजे बेळगाव जिल्ह्यात. त्यांचं संगीत नाटक ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात रंगलं खरं, पण त्यातल्या साक्या-दिंड्या कीर्तनाच्याच घरातल्या. संगीत नाटकाचा इतिहास पुण्यापासून सुरू करायची पद्धत आहे. आम्हाला ती अपुरी वाटते.

लेखनात ही परंपरा जी. ए. कुलकर्णी, इंदिरा संत, प्रकाश नारायण संत यांच्यापर्यंत दिसते. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. पुढे कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांनी आपापली संमेलनं भरवली: सकाळी ग्रंथदिंडी, मग अध्यक्षीय भाषण, कथाकथन, कविसंमेलन.

कथाकथनाला शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी लोकप्रिय केलं. सीमाभागात मात्र त्याची एक खास अडचण आहे. इथली बोली कानडीच्या वळणाची, त्यामुळे आधी बोललेलं वाक्य येतं, मग ‘म्हणून’, आणि बोलणाऱ्याचं नाव त्याच्याही नंतर: “उद्या येतो म्हणून सांगितला गणू.” कोण बोललं ते ऐकणाऱ्याला शेवटी कळतं. कागदावर वाचताना डोळा मागे जाऊ शकतो, मंडपात कान जात नाही. म्हणून संवादाच्या पहिल्याच शब्दाला आवाज बदलावा लागतो, किंवा गणूचं नाव आधी घ्यावं लागतं. अडीच हजार शब्दांच्या कथेला वीस-पंचवीस मिनिटं लागतात; तेवढ्या वेळात चारपेक्षा जास्त आवाज सांभाळायला गेलं की सगळे एकसारखे ऐकू येतात.

दुसरी अडचण छापताना येते. “मी जेवण केलो” असं पात्र बोलतं, कारण कानडीत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. मुद्रितशोधक ते “केलं” करतो, आणि खानापूरचा शेतकरी सदाशिव पेठेतला होऊन बसतो. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावरच ‘संवादांतली बोली बदलू नये’ असं ठळक लिहून द्यावं.