बाळंतपणातला अतिरक्तस्राव आणि न गोठणारं रक्त

नॉर्मल डिलिव्हरीत ५०० मिली, सिझेरियनमध्ये १००० मिलीच्या वर रक्त गेलं की तो प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव, दवाखान्यात नुसतं पीपीएच म्हणतात. बहुतेक वेळा गर्भाशय आवळत नाही हेच कारण असतं आणि ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध), मसाजवर भागून जातं. पण काही बायकांचं रक्त पाण्यासारखं वाहतं, गुठळीच धरत नाही, मग टाके घाला, गर्भाशयात दाब द्यायला बलून टाका, सुईच्या भोकातूनही झिरपत राहतं.

हे दोन वाटांनी होतं. एक, रक्ताबरोबर गोठवणारे घटकही वाहून जातात आणि वरून आपण सलाईनवर सलाईन चढवतो, म्हणजे उरलंसुरलं पण पातळ (बाटली चालू दिसली की नातेवाईकांना धीर येतो, पण रक्ताची जागा सलाईन घेत नाही). दुसरी वाट जास्त वाईट. वार आधीच सुटणं, बाळ पोटात दगावून बरेच दिवस राहणं, जंतुसंसर्ग, गर्भजल आईच्या रक्तात शिरणं, यात अंगभर बारीक गुठळ्या होऊन गोठवणारे घटक तिथंच खर्ची पडतात, हे डीआयसी. वार सुटली तर रक्त आतच साठतं, बाहेर दिसतं त्यावर भरवसा ठेवू नये.

पहिल्यांदा घसरतं ते फायब्रिनोजेन, म्हणजे रक्तातलं गुठळी धरणारं प्रथिन. गरोदरपणाच्या शेवटी ते साधारण ४०० ते ६०० मिलीग्रॅम प्रति डेसिलीटर असतं, त्यामुळे रिपोर्टवर २०० आलं आणि लॅबनं नॉर्मल लिहिलं तरी बाळंतिणीसाठी ती धोक्याची घंटाच समजायची. पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी तपासणी) तेव्हा चांगला असू शकतो.

आता नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याकडे लॅबचा रिपोर्ट यायची वाट बघत कोण बसणार? सातपुड्याच्या पाड्यावरून बाई झोळीत रस्त्यापर्यंत येते, मग १०८, मग नंदुरबार नाहीतर धुळे. तिथं काचेच्या नळीची टेस्ट कामी येते: साध्या कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त, मुठीत गरम धरायचं, ७ मिनिटांत घट्ट गुठळी झाली नाही किंवा झाली ती लगेच फुटली, तर गोठण्यात गडबड आहे असं धरूनच पुढं चालायचं. रेफर करतानाच फोन करून सांगायचं, कारण फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेला प्लाझ्मा (रक्तातला गोठवणारे घटक असलेला पातळ भाग) वितळायलाच २०-३० मिनिटं जातात.

ट्रानेक्सॅमिक ॲसिड (झालेली गुठळी विरघळू न देणारं औषध) १ ग्रॅम शिरेतून हळूहळू, तेही डिलिव्हरीपासून ३ तासांच्या आत. या औषधाच्या २०१७ च्या वुमन चाचणीत २०,०६० बायका होत्या, रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी झाले, पण जितका उशीर तितका फायदा कमी. स्वस्त इंजेक्शन आहे, गाडीत बसवायच्या आधीच द्यायला हवं. मोठ्या दवाखान्यात रक्तपिशव्यांसोबत प्लाझ्मा, आणि फायब्रिनोजेन २०० च्या वर न्यायला क्रायो (प्लाझ्मातून काढलेला, फायब्रिनोजेन जास्त असलेला भाग), कारण नुसत्या प्लाझ्मानं ते पटकन चढत नाही. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली गेल्या तर त्याही. कॅल्शियम विसरलं जातं, पिशव्यांतलं सायट्रेट (पिशवीत रक्त गोठू नये म्हणून घातलेलं) ते खातं. आणि बाई गरम ठेवा, बाहेर जळगावचा ४४ डिग्रीचा मे असला तरी एसीच्या ऑपरेशन थिएटरात थंड पिशव्या चढवल्या की अंग गार पडतं आणि गोठणं मंदावतं.

नंदुरबारकडे सिकलसेल आणि रक्तक्षय भरपूर, त्यामुळे तिथं ५०० मिलीसुद्धा जड जातं, आकड्याची वाट बघू नये. रक्तस्राव थांबला की काही तासांत उलटा धोका सुरू होतो, पायात गुठळी व्हायचा, म्हणून बाईला लवकर हालचाल करायला लावतात आणि रक्त आटोक्यात आल्यावर हेपरिनचा (गुठळी होऊ न देणारं इंजेक्शन) विचार करतात.